.२२ चा ग्रुप, हँडलोडिंग आणि लॉट टेस्टिंग: प्रोन मारणाऱ्या मुलाला सविस्तर उत्तर

डोंबिवलीहून वरळीच्या रेंजवर ५० मीटर प्रोन, म्हणजे पोटावर झोपून रायफल, मारायला येणाऱ्या एका मुलाने विचारलंय, की ताई, माझा स्कोअर ६०० पैकी ५८२-५८५ मध्येच अडकलाय, क्लबची .२२ रायफल वापरतो, व्हिडिओत बघतो तर अमेरिकेतले लोक घरच्या टेबलावर हँडलोडिंग करून, म्हणजे काडतुसं स्वतः भरून, शंभर यार्डावर एकच भोक पाडतात, तर आपण मुंबईत हँडलोडिंग करू शकतो का, आणि ते जमत नसेल तर निदान काडतुसं वजन करून वेगळी केली तर ग्रुप, म्हणजे टार्गेटवर शॉट किती जवळजवळ पडतात ते, सुधारेल का, आणि शेवटी अ‍ॅमो (म्हणजे काडतुसं) कुठलं घेऊ.

आधी थेट उत्तरं देते मग खोलात जाऊ. हँडलोडिंग घरी करायचं नाही, आणि .२२ रिमफायरला ते करताच येत नाही, कायदा बाजूला ठेवला तरी नाही. वजन करून वेगळं काढण्याचा चांगल्या मॅच अ‍ॅमोमध्ये फायदा इतका कमी आहे की तो वेळ होल्डिंगला, म्हणजे रायफल स्थिर धरायला, दे. आणि अ‍ॅमोचं नाव महत्त्वाचं नाही, लॉट, म्हणजे एकाच मालातून निघालेली खेप, महत्त्वाचा. पण हँडलोडिंग करणारे लोक ज्या शिस्तीने मोजतात ना, ती शिस्त आपण पूर्णपणे उचलायला हवी असं मला मनापासून वाटतं, कारण आपल्याकडे बहुतेक मुलं एक पाच शॉटचा ग्रुप मारतात, छान आला की फोटो काढतात आणि ते अ‍ॅमो "लागलं" म्हणून ठरवून टाकतात.

कायद्याचं पटकन सांगते. आर्म्स अ‍ॅक्ट १९५९ च्या कलम ५ मध्ये शस्त्रं आणि दारूगोळा बनवण्यासाठी वेगळं लायसन्स लागतं असं स्पष्ट आहे. तुमच्या स्पोर्ट्सच्या लायसन्सवर काडतुसं बाळगायची आणि वापरायची परवानगी असते, बनवायची नाही. हा दंड भरून सुटायचा विषय नाही, तुरुंगाचा विषय आहे, आणि त्याने करिअर तिथेच संपतं. कुणी मित्र म्हणाला की अरे फक्त प्रायमर आणि पावडरच तर आहे, तर त्याला हात जोड आणि निघ. काही शंका असेल तर क्रॉफर्ड मार्केटला कमिशनर ऑफिसच्या लायसन्स ब्रँचला लेखी विचारायचं, रेंजवरच्या गप्पांवर विश्वास ठेवायचा नाही. शिवाय पावडर चुकली की प्रेशर वाढतं आणि अ‍ॅक्शन (काडतूस कोंडून धरणारा रायफलचा भाग) फुटू शकते, डोळ्यासमोर, गालाला लागून. जिथे हे कायदेशीर आहे तिथेही लोक कंपनीने छापलेल्या टेबलाबाहेर जात नाहीत.

आता हँडलोडिंगने नक्की काय होतं ते समजून घे, कारण तिथूनच आपल्याला हवं ते मिळतं.

सेंटरफायर काडतुसाचे चार भाग, पितळेची केस, तिच्या बुडाशी मधोमध प्रायमर (ठोका बसला की पेटणारी टोपी), आत पावडर आणि तोंडाशी बुलेट. फॅक्टरीला एकच काडतूस जगातल्या सगळ्या रायफलींच्या चेंबरमध्ये बसवायचं असतं, म्हणून ते थोडं लहानच बनवतात. एकदा फायर केल्यावर केस फुगून त्या रायफलच्या चेंबरचा आकार घेते. हँडलोडर ती केस परत वापरताना पूर्ण लहान करत नाही, केसचा खांदा, म्हणजे मानेखालचा उतार, जेमतेम एक-दोन हजारांश इंच मागे ढकलतो, म्हणजे केस त्याच चेंबरमध्ये जवळजवळ मापात बसते आणि बुलेट बॅरलच्या मध्यावर उभी राहते. मग केसच्या मानेची पकड. मान बुलेटला किती घट्ट धरते ते प्रत्येक केसला सारखं हवं, नाहीतर बुलेट सुटायला लागणारं प्रेशर प्रत्येक वेळी वेगळं. पितळ वारंवार दाबलं-फुगवलं की कडक होतं म्हणून मानेला ठराविक तापमानाला गरम करून परत मऊ करतात, त्याला अ‍ॅनीलिंग म्हणतात. पावडर ग्रेन या वजनाच्या बारीक एककाच्या दहाव्या भागापर्यंत तोलतात, काही लोक त्याहूनही बारीक. आणि सगळ्यात शेवटी बुलेट किती खोल बसवायची, म्हणजे फायर झाल्यावर रायफलिंगला (बॅरलच्या आतल्या पिळदार खाचांना) टेकेपर्यंत तिला किती अंतर उडी मारावी लागेल, हे त्या बॅरलला काय आवडतं ते बघून ठरवतात. बेंचरेस्टवाल्यांनी, म्हणजे टेबलावर रायफल टेकवून ग्रुप मारणाऱ्यांनी, तर याच्यासाठी वेगळं काडतूसच बनवलं, १९७०च्या दशकात लू पालमिसानो आणि फेरिस पिंडेल या दोघांनी ६ पीपीसी तयार केलं आणि जवळच्या अंतराच्या बेंचरेस्टमध्ये ते आजही राज्य करतंय.

हे सगळं बघितलंस तर दोनच गोष्टी आहेत. एक, प्रत्येक काडतूस आधीच्यासारखंच असणं. दोन, ते काडतूस या एका बॅरलला आणि चेंबरला जुळणं. बाकी सगळी हत्यारं, डाय (केस मापात आणायचे साचे), तराजू, मायक्रोमीटर, ही या दोन गोष्टींसाठी.

सारखेपणा का लागतो ते आकड्यात बघ. आपली .२२ ची मॅच बुलेट ४० ग्रेनची, म्हणजे २.६ ग्रॅमच्या आसपास, आणि बॅरलमधून साधारण ३२०-३३० मीटर प्रति सेकंदाने निघते, आवाजाच्या वेगाच्या खालीच, मुद्दाम तशी ठेवतात. ५० मीटर जायला तिला साधारण ०.१६ सेकंद लागतात आणि तेवढ्या वेळात ती जवळजवळ १३ सेंटीमीटर खाली पडते. आता वेगात फक्त एक टक्का फरक पडला, म्हणजे ३ मीटर प्रति सेकंद, तर पडण्यात दोन टक्के फरक, म्हणजे अडीच मिमी वर किंवा खाली. दहाची रिंगच १०.४ मिमीची आहे आणि डेसिमल स्कोअरमध्ये, जिथे सगळ्यात चांगला शॉट १०.९ असतो, प्रत्येक ०.१ म्हणजे ०.८ मिमी. म्हणजे तुझा होल्ड, ट्रिगर, सगळं परफेक्ट असताना फक्त वेगाच्या एक टक्क्याने ०.३ गेले. उभ्या रेषेत पसरलेले शॉट दिसले आणि श्वास तर बरोबर होता असं वाटलं, तर बऱ्याचदा कारण हे असतं.

मग .२२ ला आपणच पावडर तोलून का भरू नये? कारण .२२ लाँग रायफल रिमफायर आहे. तिला वेगळा प्रायमर नसतोच, प्रायमिंगचं मिश्रण फॅक्टरीत ओलं असताना केसच्या बुडाच्या कडेत, म्हणजे रिमच्या आतल्या पोकळीत, केस गरगर फिरवून पसरवतात. फायरिंग पिन ती रिम चेपते, मिश्रण पेटतं, आणि ती केस तिथेच संपली. पुन्हा भरायला जागाच नाही. वर बुलेटही वेगळ्या घडणीची, तिचा बाहेरचा भाग केसच्याच जाडीचा आणि मागची बारीक टाच केसच्या आत, अंगावर मेणासारखं ल्युब. हे घरी करायचं कामच नाही. म्हणजे पहिली गोष्ट, सारखेपणा, हा पूर्णपणे फॅक्टरीच्या हातात आहे. लॅपुआ .२२ जर्मनीत शोनेबेकला बनवते, एली इंग्लंडमध्ये बर्मिंगहॅमजवळ, आरडब्ल्यूएस फ्युर्थला, आणि या लोकांनी पिढ्यानपिढ्या फक्त याच एका बारीकशा काडतुसावर काम केलंय.

पण दुसरी गोष्ट, जुळणं, ती आपल्या हातात आहे. हँडलोडिंग म्हणजे माप देऊन शिवलेला शर्ट असेल, तर लॉट टेस्टिंग म्हणजे रेडिमेडच्या दुकानात एकाच नंबरचे दहा शर्ट घालून बघून अंगावर बसणारा एक उचलणं. शिवता येत नाही तर निवडायचं, आणि नीट निवडलं तर जगातल्या कुठल्याही फायनलला ते पुरतं. १ ऑगस्ट २०२४ ला स्वप्नील कुसाळेने पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर थ्री पोझिशनचं (गुडघ्यावर, झोपून आणि उभं राहून) ब्राँझ घेतलं, ४५१.४, ते याच रिमफायरवर. आपल्या कोल्हापूरच्या कांबळवाडीचा, मध्य रेल्वेचा मुलगा. २०१० ला म्युनिकला तेजस्विनी सावंत प्रोनमध्ये वर्ल्ड चॅम्पियन झाली तेव्हा ६०० पैकी ५९७ होते, साठ शॉटमध्ये फक्त तीन गुण गेले, तेही रिमफायर. तेव्हा हँडलोडिंग नाही म्हणून आपण मागे पडतो हा विचार पहिला डोक्यातून काढ, आपल्या खेळात ते कुणालाच उपलब्ध नाही.

लॉट म्हणजे काय, तर एकाच मशीनवर, एकाच केसच्या, प्रायमिंगच्या आणि पावडरच्या मालातून निघालेली काडतुसं. खोक्यावर नंबर छापलेला असतो, एलीसारख्या काही कंपन्या त्या लॉटचा वेगही छापतात. एकाच नावाचे दोन लॉट तुझ्या रायफलमध्ये पूर्ण वेगळे वागू शकतात, आणि तुझ्या शेजारच्या लेनवरच्या मुलीच्या रायफलमध्ये नेमकं उलटं होऊ शकतं, मॉडेल तेच असलं तरी. म्हणून "टेनेक्स चांगलं की आर५० चांगलं की मिडास चांगलं" (एलीचं, आरडब्ल्यूएसचं आणि लॅपुआचं महागडं काडतूस) या वादावर रेंजच्या कँटीनमध्ये जो वेळ जातो त्याला काही अर्थ नाही. महागड्या ग्रेडमध्ये चांगला लॉट सापडायची शक्यता जास्त असते, तेवढाच त्या पैशांचा अर्थ. मी महागड्या ग्रेडचा न जुळणारा लॉट आणि मधल्या ग्रेडचा जुळणारा लॉट यात डोळे मिटून दुसरा घेईन.

आता टेस्ट कशी करायची. इथे मी थोडी लांबण लावणार आहे कारण सगळे इथेच फसतात.

युरोपात कंपन्यांची टेस्ट सेंटरं आहेत, तिथे बॅरल क्लॅम्पमध्ये पकडून लॉटमागून लॉट मारतात, नॅशनल टीमचे शूटर तिथे रायफल घेऊन जातात. तुला मुंबईत ते नाही, तर प्रोनमध्ये पुढे सँडबॅग आणि मागे बटखाली (रायफलच्या खांद्याला लागणाऱ्या टोकाखाली) पिशवी, शक्य असेल तर सकाळी रेंज उघडल्या उघडल्या, वारा उठायच्या आधी. बॅरल एकदा नीट साफ कर आणि मग जे अ‍ॅमो टेस्ट करायचंय त्याचेच पंधरा-वीस शॉट आधी मार, ते मोजायचे नाहीत. कारण प्रत्येक कंपनीचं ल्युब वेगळं असतं आणि बॅरलमध्ये आधीच्या कंपनीचा थर बसलेला असतो, तो बदलेपर्यंत शॉट भटकतात, आणि लोक बिचारे तेच पहिले दहा शॉट बघून अ‍ॅमोला नावं ठेवतात. एकाच कंपनीचे लॉट असतील तर आलटून पालटून मार, अ चे दहा, ब चे दहा, क चे दहा, परत अ चे दहा. म्हणजे वारा वाढला किंवा तू थकलास तर सगळ्यांचं सारखंच नुकसान होतं. वेगवेगळ्या कंपन्या एका दिवशी मिसळू नकोस.

प्रत्येक लॉटचे किमान चाळीस शॉट. हो, चाळीस. आता का ते सांगते. समज एक लॉट आहे ज्याचा खरा स्प्रेड, म्हणजे स्टँडर्ड डेव्हिएशन, आडव्यात २ मिमी आणि उभ्यात २ मिमी आहे. इंजिनिअरिंगला आहेस तर सिग्मा तुला माहितीच असेल. त्या लॉटचा तीन शॉटचा ग्रुप, सेंटर ते सेंटर, सरासरी ४.८ मिमी येतो. पाच शॉटचा ६.१. दहा शॉटचा ७.६. लॉट तोच, रायफल तीच, फक्त शॉट वाढवले की ग्रुप मोठा होतो, कारण एखादा लांबचा शॉट यायची संधी वाढते. म्हणून व्हिडिओतले तीन शॉटचे ग्रुप बघून स्वतःच्या दहा शॉटच्या ग्रुपशी तुलना करून निराश व्हायचं काही कारण नाही. आणि दुसरं, पाच शॉटचा ग्रुप फार लहरी असतो. सरासरी ६ असली तरी कधी ४ येईल कधी ८, काहीही बदललेलं नसताना. आता तू आठ लॉटचे एकेक पाच शॉटचे ग्रुप मारलेस आणि सगळ्यात लहान उचललास, तर तू चांगला लॉट निवडला नाहीस, तू नशीबवान ग्रुप निवडलास. पुढच्या महिन्यात त्याच लॉटने साधे ग्रुप आले की मग रायफलला दोष, बेडिंगला (लाकडात रायफल बसवण्याला) दोष, कोचला दोष.

चाळीस शॉटमध्ये मात्र सिग्माचा अंदाज आठेक टक्क्यांच्या चुकीत येतो, तेवढ्यात वाईट लॉट उघडे पडतात. आणि ग्रुपचं माप म्हणून सगळ्यात लांबचे दोन शॉट मोजू नकोस, ते म्हणजे चाळीसपैकी दोनच शॉट वापरून अडतीसची माहिती फेकून देणं. इलेक्ट्रॉनिक टार्गेट असेल तर प्रत्येक शॉटचे एक्स-वाय मिळतात, ते फोनवरच्या शीटमध्ये टाक, सरासरी मध्य काढ आणि प्रत्येक शॉटचं त्या मध्यापासूनचं अंतर काढून त्याची सरासरी घे. याला मीन रेडियस म्हणतात. हाच एक आकडा लॉटच्या पुढे लिहून ठेव. सोबत उभा आणि आडवा सिग्मा वेगळा लिही, उभा मोठा असेल तर वेगाचा संशय, आडवा मोठा असेल तर वारा किंवा तुझा ट्रिगर. जो शॉट तू स्वतः खेचलास आणि टार्गेट बघायच्या आधी तोंडाने बोललास तेवढाच काढायचा. बघितल्यावर "हा तर माझा होता" म्हणून काढायचा नाही.

आता तुझ्या ५८३ चं गणित मांडू या. तुला हे आवडेल.

काडतुसाचा स्प्रेड आणि तुझा स्प्रेड साधे बेरीज होत नाहीत, त्यांचे वर्ग बेरीज होतात. समज सध्या तुझा होल्ड आणि ट्रिगर मिळून सिग्मा ४ मिमी आहे आणि रायफल-अ‍ॅमोचा ३ मिमी. शाळेतला ३-४-५ चा त्रिकोण आठव, एकूण सिग्मा ५. बुलेट ५.६ मिमीची आणि रिंगला नुसती टेकली तरी दहा, त्यामुळे बुलेटचा मध्य टार्गेटच्या मध्यापासून ८ मिमीच्या आत हवा. सिग्मा ५ असताना साठपैकी साधारण सतरा शॉट बाहेर जातात, म्हणजे ५८३. बघ, तुझ्याच आकड्यापाशी आलो. आता नुसता लॉट चांगला शोधलास आणि अ‍ॅमोचा सिग्मा ३ वरून २ झाला, तर एकूण ४.५ च्या जवळ, बारा शॉट नऊचे, ५८८. अ‍ॅमो तेच ठेवून नुसता तू स्वतः ४ वरून ३ वर आलास तर एकूण ४.२, दहा शॉट नऊचे, ५९०. दोन्ही केलंस तर एकूण ३.६, फक्त पाच शॉट नऊचे, ५९५. म्हणजे लॉट टेस्टिंगचे पाच गुण खरे आहेत, ते सोडून द्यायचे नाहीत, कारण स्टेटला पाच गुणांत किती नावं असतात ते तुला माहीत आहे. पण तुझ्या बाजूचे त्याहून जास्त आहेत आणि ते विकत मिळत नाहीत.

आणि यातच वजनाच्या प्रश्नाचं उत्तर आहे. समज चांगला लॉट सापडला, सिग्मा २, आणि तू रात्रभर बसून काडतुसं तोललीस, रिमची जाडी मोजलीस आणि त्याने सिग्मा १.८ झाला, जे होणंही कठीणच, तर तुझ्या ४ च्या सोबत मिळून साठ शॉटमध्ये नऊचा एक शॉटसुद्धा पूर्ण कमी होत नाही. आणि तोलून तू काय तोलतोस? अख्ख्या काडतुसात बुलेट आणि पितळ मिळून बहुतेक सगळं वजन, पावडर जेमतेम एक ग्रेनच्या आसपास. फरक दिसला तर तो शिशाचा की पितळाचा की पावडरचा, तराजू सांगत नाही. स्वस्त प्रॅक्टिस अ‍ॅमोमध्ये एखादं भलतंच हलकं काडतूस पकडलं जाईल, बस. १० मीटर एअर रायफलवालेसुद्धा पेलेट (छर्रे) तोलत बसतात, त्यांनाही मी हेच सांगते, हेड साइज, म्हणजे पेलेटच्या डोक्याची जाडी, ४.४९, ४.५०, ४.५१ मिमी मध्ये आपल्या बॅरलला कुठला बसतो ते बॅचसकट टेस्ट करा, तोलण्यापेक्षा तिथे जास्त आहे.

वाऱ्याबद्दल वेगळं सांगायलाच हवं, कारण तू वरळीला मारतोस. ५० मीटरवर आडव्या वाऱ्याच्या प्रत्येक एक मीटर प्रति सेकंदाला आपली बुलेट साधारण ६ मिमी सरकते. एक मीटर प्रति सेकंद म्हणजे गालाला जेमतेम जाणवेल इतका वारा. १०.९ चा शॉट १०.२ होतो, तू काहीही चूक न करता. दोन मीटर झाला की नऊ. आणि दुपारकडे समुद्राचा वारा उठला की तो एकसारखा नसतो, झुळका येतात, थांबतात, परत येतात. म्हणून दुपारी केलेली लॉट टेस्ट ही वाऱ्याची टेस्ट असते. पण मॅचसाठी मात्र दुपारी मुद्दाम मारायचं, वाऱ्याचे फ्लॅग बघून, एका ठरलेल्या वाऱ्यातच शॉट सोडायचा, तो बदलला की रायफल खाली घ्यायची. मुंबईच्या मुलांना हे फुकटात शिकायला मिळतं, इनडोअर रेंजवर वाढलेल्यांना नाही, याचा पुरेपूर फायदा घे.

अ‍ॅमोच्या मागे लागायच्या आधी रायफल तपासून घे, विशेषतः क्लबची आहे म्हणून. अ‍ॅक्शनचे स्क्रू मॅन्युअलमध्ये लिहिलेल्या टॉर्कला आहेत का, टॉर्क रेंचने, हाताच्या अंदाजाने नाही, आणि दोन्ही सारखे. साइट हलवून बघ, रेल ढिली असते आणि कुणाच्या लक्षात येत नाही. बॅरलचं तोंड, म्हणजे क्राउन, भिंगातून बघ, क्लीनिंग रॉड पुढून घालून घालून अनेक क्लबच्या रायफलींचं क्राउन घासलेलं असतं, आणि तिथून बुलेट शेवटची सुटते. चेंबरच्या लगेच पुढे कार्बनची रिंग जमते, साधा पॅच फिरवून ती जात नाही, ब्रशने नीट काढावी लागते, बोअर गाइड (रॉड सरळ ठेवणारी नळी) लावूनच. आणि स्लिंगचा हुक, हँडस्टॉप, चीकपीस यांच्या जागा पेनाने खूण करून ठेव, दुसऱ्या मुलाने तीच रायफल वापरली की तुझं सेटिंग गेलं, आणि मग आज अ‍ॅमो बरोबर नाही असं वाटायला लागतं. ट्यूनर (बॅरलच्या तोंडाशी लावायचं वजन) वगैरे सध्या विसर, सिग्मा ३ च्या खाली स्वतःला आणलंस की त्याबद्दल बोलू.

पावसाळ्याचं थोडं. जून ते सप्टेंबर मुंबईच्या हवेत पितळही काळं पडतं. काडतुसांचे डबे घट्ट झाकणाच्या प्लास्टिकच्या डब्यात, सिलिका जेलची पुडी टाकून ठेवायचे, आणि एसी खोलीतून काढून लगेच दमट रेंजवर उघडायचे नाहीत, घाम धरतात. थोडा वेळ तसाच बंद डबा ठेवायचा. उलट मे महिन्यात बंद गाडीत अ‍ॅमो ठेवणं हा त्याहून मोठा गुन्हा, ल्युब मऊ होऊन डब्यात एका बाजूला उतरतं. बुलेटला हाताने पुसायचं नाही, खाली पडलेलं काडतूस मॅचमध्ये वापरायचं नाही, मातीचा कण बॅरलमध्ये जातो. रायफल घेऊन लोकलने येत असशील तर केस कुलूपबंद, लायसन्सची आणि क्लबच्या पत्राची कागदपत्रं अंगावर, आणि गर्दीच्या वेळी न आलेलंच बरं.

आता शेवटचा प्रश्न, घेऊ काय. स्वतःचं काही मागवायच्या आधी क्लबच्या स्टोअरमध्ये कुठले कुठले लॉट आहेत ते सेक्रेटरींना विचार, रजिस्टरमध्ये लॉट नंबर नसेल तर खोक्यांवर असतो. क्लबच्या नोंदीतूनच प्रत्येकाची एक-एक खोकी घे, मित्राकडून उसनी घेऊ नकोस, काडतुसं लायसन्सवर चढलेली असतात आणि हिशोब जुळला नाही तर दोघंही अडकतात. एकाच कंपनीचे तीन-चार लॉट मिळाले तरी सुरुवात होते. लॅपुआचं सेंटर-एक्स किंवा एली मॅचच्या ग्रेडपासून सुरू कर, टेनेक्स, आर५०, एक्स-अ‍ॅक्ट हे तुझा होल्ड ३ मिमीच्या आत आल्यावर. चाळीस-चाळीस शॉट, मीन रेडियस, तारीख, तापमान, वारा, सगळं एका वहीत. सगळ्यात चांगले दोन लॉट परत दुसऱ्या दिवशी चाळीस-चाळीस, आणि दुसऱ्या दिवशीही जो पुढे राहिला तोच तुझा. मग एनआरएआयमार्फत (नॅशनल रायफल असोसिएशन ऑफ इंडिया) असो की क्लबमार्फत, त्या लॉटचं तुझ्या परवानगीत बसेल तेवढं एकदमच उचल, कारण लॉट संपला की संपला, तोच नंबर परत बनत नाही. त्यातलं निम्मं मॅचसाठी बाजूला ठेव आणि प्रॅक्टिसला शक्यतो त्याच कंपनीचं स्वस्त अ‍ॅमो वापर, म्हणजे मॅचच्या आदल्या दिवशी बॅरलचं ल्युब बदलायची भानगड राहत नाही. पहिल्या टेस्टची शीट झाली की मला दाखव, एक्स-वाय सकट, फक्त ग्रुपचा फोटो नको.